दोनदा दाबलं की गप्पा

२ जुलै

ती. मामा,

पाकीट बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही, कोणाचं लग्नही ठरलेलं नाही. हे पत्र दहा मार्कांचं आहे.

आमच्या विद्यापीठाने यंदापासून शेवटच्या वर्षाला शिकवणं बंद केलंय. त्याऐवजी अनुभव देणार. वर्गात बसून कोणी काही शिकत नाही, हे आम्हाला तीन वर्षं वर्गात बसवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आता प्रत्येकाने खऱ्या ठिकाणी खरं काम करायचं, त्यावर चिंतनपत्रं लिहायची, आणि 'क्षेत्रातील एका अनुभवी व्यक्तीशी' स्वतःच्या हाताने, कागदावर, पत्रव्यवहार करायचा. सगळं फाईलला लावायचं. हे खातं ज्या मॅडम बघतात त्यांना आम्ही अनुभवबाई म्हणतो. त्यांनी स्वतः विद्यापीठाबाहेर कधी काम केलेलं नाही, पण त्या म्हणतात की त्यामुळेच त्या तटस्थ आहेत.

आता खरी बातमी. मला टाकलंय तुझ्याच कंपनीत. तुझ्या शहरात नाही, इथेच. कंपनीने आमच्या तळघरात 'अनुभव कक्ष' उघडलाय. लिफ्ट अडकली की आतला माणूस घंटीचं बटण दाबणार आणि त्याला जो आवाज ऐकू येणार, तो माझा. लहानपणी मी शाळेत सांगायचे की माझा मामा लिफ्टच्या भिंतीत राहतो. आता भाचीही राहायला आली.

बॅचमध्ये जो पहिला येईल त्याला कंपनी कायमची नोकरी देणार आहे. जागा एकच. मामा, ती मला हवी आहे. आई अजून त्या कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते. घरी आली की पाय खुर्चीवर ठेवते आणि मला म्हणते, तू अभ्यास कर. मी पुस्तकात बघते, कारण पायांकडे बघवत नाही.

तर अनुभवी व्यक्ती, दोन शब्द सांगा.

तुझी,
टकळी


९ जुलै

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

मला कोणीतरी अनुभवी व्यक्ती म्हणून निवडलं हे मामीला सांगितलं. ती म्हणाली, "कशातली?" तेव्हा पत्र सुरू करण्याआधीच पाय जमिनीवर आलेले आहेत.

अनुभव म्हणजे काय, असं तुझ्या बाईंनी विचारलं तर सांग: एकच चूक इतकी वर्षं करायची की लोक तिला पद्धत म्हणू लागतात. हे फाईलला लावलंस तरी चालेल.

आता कामाचं. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस लिफ्ट पडेल म्हणून घाबरत नाही. आपण इथे आहोत हे कोणाला कळलंच नाही तर, म्हणून घाबरतो. तेव्हा पहिल्या वाक्यात त्याला कळू दे की कळलंय. कंपनी तुम्हाला एक छापील कागद देईल, त्यात 'आपला संपर्क आमच्यासाठी मोलाचा आहे' असं पहिलं वाक्य असेल. ते गाळ. लटकलेल्या माणसाला स्वतःचं मोल ऐकायचं नसतं.

'दोन मिनिटांत येतोय' असं कधीही म्हणू नकोस. मग तो घड्याळ बघतो. 'निघालाय' म्हण. निघालेल्या माणसाला पोचायला किती वेळ लागतो, हे कोणी विचारत नाही. मेकॅनिक तेव्हा चहा पीत असला तरी चालेल, चहाही तो निघायच्या तयारीतच पीत असतो.

आणि त्याला काहीतरी बघायला लाव. वजनाची पाटी वाचून दाखवा म्हण. आरसा असला तर केस नीट आहेत का विचार. माणसाला काम दिलं की तो भीती बाजूला ठेवतो. एका बाईंनी माझ्या सांगण्यावरून पर्स आवरली आणि दार उघडल्यावर मेकॅनिकवर चिडल्या की एवढ्यात का आलास.

बाकी इथे सगळं नेहमीसारखं. ताईच्या पायाला गरम पाणी आणि थोडी लाज दे. लाज तिला नाही, दुकानाच्या मालकाला.

तुझा मामा


२८ जुलै

ती. मामा,

'निघालाय' हा मंत्र आहे. पहिल्याच आठवड्यात एक वकील, एक बाळंतपणाला चाललेली बाई आणि एक सोफा नेणारे दोघे जण यांना मी फक्त 'निघालाय'वर तगवलं. सोफावाले त्यावर बसले होते, त्यांना घाई नव्हती. मी सध्या दुसरी आहे. पहिला जो आहे तो आवाज जाड काढून बोलतो, लोकांना वाटतं साहेब बोलतायत.

पण माझं एक दुखणं आहे. विनाकारण मेकॅनिक पाठवला तर 'अनावश्यक फेरी' लागते आणि मार्क कापतात. आणि माझ्या वाट्याला एक आजोबा आलेत. दुपारी, जेवणं झाल्यावर, त्यांचा कॉल येतो. पहिलं वाक्य, "मी अडकलोय." दुसरं वाक्य, "ते झाड कसं आहे?" मी म्हटलं, कुठलं झाड? तर म्हणाले, "तुमच्या खिडकीतलं." आमच्या तळघराला खिडकीच नाही. भिंतीवर एक पोस्टर आहे, त्यात एक माणूस डोंगराच्या टोकावर उभा आहे आणि खाली लिहिलंय: शिका, करा, घडा. तो घडला की पडला हे दाखवलेलं नाही.

पहिल्या दोन्ही वेळा मी मेकॅनिक पाठवला. लिफ्ट चालू होती. आजोबा तळमजल्यावर दार उघडून आत उभे, छान भांग पाडून. मेकॅनिक माझ्यावर ओरडला, आणि चार मार्क गेले. बाकीची मुलं म्हणतात, 'उपद्रवी' असा शेरा मार, म्हणजे तिथून आलेला कॉल मशीन आपोआप कापेल. मला ते करवत नाहीये. पण मार्कही घालवता येत नाहीत. तू काय केलं असतंस?

तुझी,
टकळी


३ ऑगस्ट

चि. टकळी,

हे पान फाईलला लावू नकोस.

ते मास्तर आहेत. शाळेत चित्रकला शिकवायचे. बायको गेली, मुलगा दूर आहे, आणि घरात टेलिफोन आहे पण त्यावर करायला नंबर नाहीत. पूर्वी त्यांचा कॉल आमच्याकडे यायचा. माझ्याकडे, म्हणजे. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण त्यांना कुठल्या बाजूची दाढ दुखते ते सांगू शकतो.

झाडाचं असं. आमच्याही खोलीला खिडकी नव्हती. एकदा त्यांनी विचारलं, तुम्हाला समोर काय दिसतं? समोर भिंत आणि तिच्यावर साहेबांची सूचना. चित्रकलेच्या मास्तरांना हे काय सांगायचं, म्हणून मी झाड म्हणालो. मग एकदा झाड म्हटल्यावर त्याला पाणी घालणं आलं. पानगळ आली, पालवी आली. मध्यंतरी मी एक फांदी तोडली तर मास्तर आठवडाभर नाराज होते. तेव्हा तू झाड सांभाळ. खोड जाड आहे, डावीकडे कलतं. फुलं पांढरी. त्यात बदल करू नकोस, त्यांच्या लक्षात राहतं.

आता महत्त्वाचं. त्यांनी दोनदा दाबलं की गप्पा, एकदा दाबलं की खरं. हे आमच्यात ठरलेलं आहे. तोंडाने ते दर वेळी 'अडकलोय' असंच म्हणणार, कारण बोलणं टेप होतं हे त्यांना माहीत आहे, आणि जन्मभर पोरांना शिस्त लावलेल्या माणसाला विनाकारण बटण दाबल्याचा पुरावा मागे ठेवायचा नाही. म्हणू देत. तू शब्दांकडे लक्ष देऊ नकोस, बटणाकडे दे. दोनदा असेल तर मेकॅनिक पाठवू नकोस. 'निघालाय' म्हण, झाडाचं सांग, आणि त्यांचं पोट भरलं की ते स्वतःच म्हणतात, "बरं, सुरू झाली वाटतं."

उपद्रवी शेरा मारलास तर माझ्याशी बोलू नकोस.

तुझा मामा


२० ऑगस्ट

ती. मामा,

जमलं. स्क्रीनवर कॉल दोनदा आला असं दिसतं, मी झाड सुरू करते, मास्तर खूष, मेकॅनिक खूष, मार्क शाबूत. मी पहिली आले. जाड आवाजवाला आता मला ताई म्हणतो.

आता रागावू नकोस. ते पान मी फाईलला लावलं. अनुभवबाई म्हणाल्या, तुमच्या पत्रव्यवहारात 'अव्यक्त ज्ञान' कमी पडतंय, आणि माझ्याकडे अव्यक्त असं तेवढंच होतं. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते व्यक्त करून टाकलं. तुझ्या सगळ्या युक्त्यांचा रंगीत चार्ट करून कक्षात लावलाय. निघालाय म्हणा. पाटी वाचायला लावा. वारंवार कॉल करणाऱ्यांची सवय ओळखा, फेरी वाचवा. तुझं नाव नाही. खाली विद्यापीठाचं चिन्ह आहे आणि कंपनीचं.

परवा कंपनीचे साहेब येऊन गेले. माझ्या खुर्चीमागे उभे राहिले, ऐकलं, आणि अनुभवबाईंना म्हणाले, "ही तयार आहे." मामा, मी घरी येईपर्यंत ते वाक्य तोंडात गोळीसारखं ठेवलं होतं. आईला सांगितलं तर ती उठून नुसती भांडी घासायला लागली. घासलेलीच.

आणखी एक. मामी आईला फोनवर म्हणाली की तू दुपारभर घरी असतोस आणि तिच्या शिलाई मशीनला तेल घालतोस. म्हणाली, इतकं तेल घातलंय की मशीन शिवत नाही, पोहतं. ड्युटी बदलली का?

तुझी,
टकळी


२७ ऑगस्ट

चि. टकळी,

हो, ड्युटी बदलली. हल्ली दुपारी मोकळा असतो. मशीनला तेल लागतंच, मामीला यंत्रातलं काही कळत नाही.

पान लावलंस ते लावलंस. चार्टवर नाव नाही ते उत्तम, भिंतीवर नाव लागायची मला घाई नाही. फक्त ते 'सवय ओळखा' पुसून टाक. सवय मास्तरांची आहे, सगळ्यांची नाही.

त्यांना सांग की झाडावर एक घरटं झालंय. माझं सांगायचं राहून गेलं होतं.

साहेब 'तयार आहे' म्हणाले याचा आनंद झाला. मलाही एकदा म्हणाले होते.

तुझा मामा


१९ सप्टेंबर

मामा,

काय झालं ते मी आधी सरळ लिहून काढते. नाहीतर मी मधेच थांबेन.

परवा दुपारी मास्तरांचा कॉल आला. स्क्रीनवर दोनदा. मी म्हटलं, "बोला मास्तर." ते म्हणाले, "मी अडकलोय गं." मी म्हटलं, "हो का, पिल्लं बाहेर आली बघा घरट्यातून." ते म्हणाले, "आज झाड नको. हात जड झालाय. मेकॅनिक पाठव." त्यांचा आवाज असा होता की जणू तोंडात घास आहे. मला वाटलं दाढ. मी पुन्हा स्क्रीन बघितली. दोनदा. तू सांगितलं होतंस शब्दांकडे लक्ष देऊ नकोस. मी म्हटलं, "निघालाय."

ते म्हणाले, "खरंच निघालाय?"

मी म्हटलं, "निघालाय, मास्तर. तोवर वजनाची पाटी वाचून दाखवा." त्यांनी वाचायला घेतली. 'कमाल' एवढं म्हणाले. मग नुसता श्वास. कधीकधी बोलता बोलता त्यांचा डोळा लागतो, मला वाटलं तसंच. माझी वेळ संपली. मी खुर्ची जाड आवाजवाल्याला दिली. पलीकडून कोणी बोलत नाही म्हटल्यावर त्याने कॉल बंद केला. चार्टमध्ये तसंच आहे.

कोणीही निघालं नव्हतं.

लिफ्ट खरंच दोन मजल्यांच्या मध्ये होती. संध्याकाळी लोक कामावरून परतले तेव्हा कळलं. मास्तर जिवंत आहेत. एक बाजू गेली आणि वाचा गेली.

काल कंपनीचा संगणकवाला आला. तो म्हणाला, तीन घंट्यांत कोणी उचललं नाही तर मशीन तोच कॉल आपोआप परत लावतं आणि स्क्रीनवर दोन दिसतात. आम्हाला हेडफोन घालून 'मी तयार आहे' असं आधी दाबावं लागतं. तेवढ्यात तीन घंट्या होतातच. मामा, इथे सगळ्यांचेच कॉल दोनदा येतात. मी फक्त मास्तरांचे बघत होते.

टकळी


२४ सप्टेंबर

टकळी,

आधी नीट बस, मग वाच.

आमच्या खोलीत पॅनेलवर प्रत्येक इमारतीचा एक बारीक लाल दिवा होता. तिकडे बटण दाबलं की लागायचा, सोडलं की विझायचा. मास्तर दोनदा दाबायचे तर दिवा दोनदा मिचकायचा. मी त्या दिव्याबद्दल तुला लिहिलंच नाही. लिहिण्यासारखं वाटलं नाही. जगात सगळीकडे दिवाच असतो असं धरून चाललो. तुम्हाला काय दिलंय हे एकदाही विचारलं नाही.

आणि विचारलं का नाही तेही सांगतो. विचारलं असतं तर माझ्याकडे काय उरलंय ते सांगावं लागलं असतं. आमची खोली बंद झाली. तुमची बॅच सुरू झाली त्याच सोमवारी. तू मला पहिलं पत्र लिहिलंस तेव्हा मी घरीच होतो. साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं की हे काम आता तरुणांना अनुभव म्हणून देण्यात येणार आहे. फुकट हा शब्द त्यांनी वापरला नाही, ते शिकलेले आहेत. माझ्या इमारती तुझ्याकडे आल्या. मास्तर तुझ्याकडे आले. तू झाडाचं लिहिलंस तेव्हा मला कळलं की माझ्या खुर्चीत तू बसली आहेस. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या पत्रात आनंद होता. आणि खरं सांगायचं तर तेव्हा तेवढं एकच माणूस मला अनुभवी म्हणत होतं.

काल रुग्णालयात जाऊन आलो. मास्तरांना पहिल्यांदा पाहिलं. मला वाटायचं उंच असतील. पलंगाजवळ उभा राहिलो तर कोण हा, अशा नजरेने बघत राहिले. चेहऱ्यावरून कसे ओळखणार? मग मी बोललो. म्हटलं, मास्तर, झाड ठीक आहे.

त्यांनी चांगला हात हलवला, उशाशी नर्सला बोलवायचं बटण असतं ते चाचपलं, आणि दाबलं. एकदा. नर्स आली. काय पाहिजे, आजोबा? काही नको होतं. ती गेली. त्यांनी परत दाबलं. एकदाच. माझ्याकडे बघत. ती परत आली. असं तीन-चारदा झालं तेव्हा ती मला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबता का, तुमच्यामुळे त्रास होतोय त्यांना."

मी बाहेर थांबलो. मग घरी आलो.

चूक तुझी नाही. हे पान फाईलला लाव, हवं तर.

मामा


११ ऑक्टोबर

मामा,

चौकशी झाली. कंपनी म्हणाली, ती कर्मचारी नाही, विद्यार्थिनी आहे. विद्यापीठ म्हणालं, ती त्या वेळी विद्यार्थिनी नव्हती, कामावर होती. दोघांचंही इतकं बरोबर होतं की त्या वेळी खुर्चीत कोणीच नव्हतं असं ठरायची वेळ आली. मग अनुभवबाईंनी माझी फाईल उघडली. तुझं ऑगस्टचं पान तिच्यात होतं. त्यांनीच कौतुक केलेलं, त्यांचीच हिरव्या शाईतली टिक असलेलं.

मशीनचं मी तीनदा सांगितलं. संगणकवालाही बोलला. समितीतले एक जण म्हणाले, तांत्रिक बाबी वेगळ्या नोंदवू. मग एक निवेदन टाईप होऊन आलं. त्यात असं आहे की, 'कंपनीशी संबंध संपुष्टात आलेल्या एका बाहेरच्या व्यक्तीने दिलेल्या अनधिकृत सल्ल्यामुळे' हा प्रकार घडला. खाली माझ्या सहीची जागा. सही केली नाही तर निकाल राखून ठेवणार. निकाल नाही म्हणजे नोकरी नाही, ती जाड आवाजवाल्याला.

मी म्हटलं, विचार करते. घरी आले. आई खुर्चीवर पाय ठेवून झोपली होती. सकाळी जाऊन सही केली.

चिंतनपत्राला पैकीच्या पैकी मिळाले. शेरा आहे: 'अपयशातून शिकण्याचा उत्तम नमुना. भावना आणखी मोकळेपणाने आल्या असत्या.'

जागा मला मिळाली. आईला निवेदनाचं सांगितलेलं नाही.

तू रागाव. पण दोन ओळी लिही.

टकळी


९ जानेवारी

माननीय महोदय,

आमच्या अनुभवाधारित अध्ययन विभागातर्फे आपणांस कळविण्यात आनंद होतो की आपली 'सराव-संपर्ककर्ता' या तासिका-तत्त्वावरील कामासाठी शिफारस करण्यात आली आहे.

मामा, वरचं असं लिहावंच लागतं, त्याची एक प्रत जाते.

तुझं पत्र आलं नाही. मी वाट बघणं सोडलं आणि मग सोडवलं नाही, म्हणून लिहितेय. माझी कायमची नोकरी वर्षभराची आहे. हुद्दा अनुभव-साहाय्यक. विद्यार्थ्यांना आता खरे कॉल देत नाहीत. खऱ्या कॉलला एक टेप उत्तर देते. ती म्हणते, मेकॅनिक निघालाय. आवाज माझा नाही, पण वाक्य तुझं आहे.

पण अनुभव तर द्यायला हवा, अभ्यासक्रम छापून झालाय. म्हणून तळघरात प्लायवूडची लिफ्ट बांधली आहे. आत बटणं, आरसा, वजनाची पाटी. एक माणूस आत बसून बटण दाबतो आणि मुलं पलीकडच्या खोलीतून त्याच्याशी बोलतात. युनिट चार 'मास्तरांचा प्रसंग' आहे. आत बसायला वयस्कर आवाज हवाय. समितीने अर्जात 'नातं: मामा' वाचून विचारलं, हेच का ते निवेदनातले? मी म्हटलं, नाही, हा दुसरा मामा.

मामी म्हणाली मशीन बिघडलं आणि तू आता काहीच करत नाहीस. बसने दीड तास आहे. ये.

टकळी


१६ फेब्रुवारी

चि. टकळीस आशीर्वाद.

तू वरच्या मजल्यावर, मी तळघरात, आणि तरी पत्रच लिहावं लागतंय. तुझ्या दाराशी दोनदा आलो होतो. दोन्ही वेळा आत बैठक होती. शिपायाने विचारलं, कोण आपण? मी म्हटलं, मास्तर. त्याने यादीत बघितलं आणि मान डोलावली.

खरे मास्तर डिसेंबरात गेले, हे तुला कळवायचं राहिलं. मी गेलो तर पलंगावर दुसरा माणूस होता. त्याला बोलता येत होतं, खूप बोलत होता.

ऑक्टोबरच्या पत्राचं उत्तर असं की, सही केलीस ते बरं केलंस. मी तुझ्या जागी असतो तर मीही केली असती, पेन आपलंच वापरलं असतं का, एवढाच प्रश्न. रागाचं म्हणशील तर मी प्रयत्न केला. मामीनेही मदत केली. पण राग यायला समोर कोणीतरी लागतं, आणि समोर बघावं तर ताईचे पाय.

कामाचा अहवाल. ठरवून दिल्याप्रमाणे मी बटण एकदा दाबतो. पोर विचारतं, काय झालं? मी म्हणतो, मी अडकलोय. ते म्हणतं, निघालाय. मी म्हणतो, हात जड झालाय. ते म्हणतं, वजनाची पाटी वाचून दाखवा. तुमच्या युनिटमध्ये आता इथे मेकॅनिक पाठवायचा असं आहे, ते त्यांना पाठ असतं आणि ते पाठवतातही. अर्थात येत कोणी नाही, मेकॅनिकचं काम करणारा अजून नेमलेला नाही. सगळी पास होतात.

मग मी माझ्याकडून विचारतो, तुम्हाला समोर काय दिसतं? पलीकडे पानं उलटल्याचा आवाज येतो. एकाने हळूच विचारलं, "सर, याला मार्क आहेत का?" मी म्हटलं नाहीत. तो म्हणाला, "मग पुढचं घेऊ या."

तुझ्या खोलीला खिडकी आहे असं ऐकतो. तिथून काय दिसतं ते कळव. झाड नसलं तर नाही म्हण.

हे मी त्या खोक्यातच बसून लिहितोय. आजची वेळ मघाशीच संपली. पोरं हेडफोन टेबलावर टाकून गेली, त्यांचं हसणं जिन्यात ऐकू आलं, मग तेही वर गेलं. खोक्याच्या दाराला कडी नाही. नुसतं ढकललं की उघडतं, सुताराने मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं, घाबरू नका म्हणाला.

मी बटण दाबलं. जरा थांबलो. मग आणखी एकदा दाबलं.

तुझा मामा